आत्याची फाइल आणि फळीवरचे कागद

प्रिय आणि तितक्याच धाकाच्या आत्या,

वाकून नमस्कार. (पत्रातून वाकणं सोपं असतं. एरवी माझी कंबरही आता तुझ्यासारखीच आधी विचार करते आणि मग वाकते.) कशी आहेस? उजवा डोळा काय म्हणतो? आणि डावा कान? कानाची चौकशी मी मुद्दाम वेगळी करते. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्याने लोकांचं जे काही ऐकून घेतलं, त्यानंतर त्याला जगाचं काही ऐकायची सक्ती नाही, असं तूच म्हणतेस. डोळ्याचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेलाच ना? घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही, कारण तू घाबरलीस तरी डॉक्टरांनाच धीर देत बसशील. इकडे सगळे ठीक. तुझे भाचेजावई ठीक, मी ठीक, बाबा बोलत नाहीत म्हणजे तेही ठीक. परवा ते तुझ्याकडून परत आले तेव्हा मी विचारलं, आत्या काय करतेय. ते म्हणाले, "फळ्या." आणखी दोनदा विचारल्यावर कळलं की ऑपरेशनच्या आधी तू स्वयंपाकघर आवरायला काढलं आहेस. फळ्यांवरचे जुने कागद काढलेस का गं? सहज विचारते. घाई करू नकोस एवढंच. सोबत निळ्या चौकड्यांच्या जाड कागदाची एक गुंडाळी पाठवते आहे, फळ्यांवर अंथरायला छान दिसेल. प्रेमाने पाठवते आहे, मनात दुसरं काही नाही.

तू म्हणशील, एवढं लांबलचक पत्र कशाला, कुणाच्या तरी फोनवर निरोप ठेवायचा. पण ज्या बाईने निवृत्त झाल्यावर "उरलेलं आयुष्य घंटेशिवाय" अशी प्रतिज्ञा केली आणि घरात टेलिफोन येऊ दिला नाही, शेजाऱ्यांनाही निरोप आणायची बंदी केली, तिला पत्राशिवाय गाठायचं कसं? बाबांबरोबर तोंडी निरोप पाठवला असता तर तुला "फाइल" एवढाच शब्द मिळाला असता आणि तू उरलेला दिवस काळजीत काढला असतास.

तर फाइल. तिचं काम उत्तम चाललं आहे. (हे वाक्य मी पेन्सिलीने लिहायचा विचार केला होता.) मागच्या वर्षी सगळे जमले असताना तू ती सीडी माझ्या हातात दिलीस, ते मला लख्ख आठवतं. एक्सचेंजमध्ये लाइन लागायची वाट बघताना लोक जे बोलले, चिडले, रडले, ते तू वहीत टिपून ठेवलंस आणि वह्यांना वाळवी लागायला लागली तेव्हा, नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत, ऑफिसच्या संगणकावर टाइप केलंस. चार हजार तीनशे बारा वाक्यं, प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ, आणि नाव एकाचंही नाही. "ऐकायचं, पण कुणाचं ते सांगायचं नाही," हा तुझा धर्म. सगळ्यांसमोर तू म्हणालीस की याचं पुस्तक झालं तर या डोळ्याने बघायला आवडेल, ऑपरेशननंतरच्या डोळ्याची मला खात्री नाही. त्यावर मी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "त्यात काय आत्या, दोन मिनिटांचं काम आहे." तेव्हापासून घरात माझं नाव दोनमिनिटं पडलं आहे, हे तुला माहीत आहेच. माझी नोकरी काय, तर पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं लिहायची. "काम सुरू करण्यापूर्वी सर्व सूचना वाचाव्यात," हे वाक्य मी आयुष्यात किमान सहाशे वेळा छापलं आहे. एकदाही पाळलेलं नाही.

फाइल उघडली आणि मला वाटलं कुणीतरी तोंडात टाचण्या धरून बोलतंय. मराठीचा एक शब्द नाही. उलटी प्रश्नचिन्हं, शेपटी असलेले इंग्रजी सी, डोक्यावर टोप्या घातलेले ए, मधेच पौंडाचं चिन्ह. तुझे भाचेजावई खांद्यावरून डोकावून म्हणाले, आत्यांनी सगळ्या गावाला शिव्या घातलेल्या दिसतात. फक्त आकडे स्वच्छ होते. चार हजार तीनशे बारा तारखा ओळीने उभ्या आणि प्रत्येकीसमोर हा टाचण्यांचा ढीग. अशा वेळी माणूस काय करतो? स्वतःची जन्मतारीख शोधतो. सापडली. दिवस, महिना, साल, सगळं माझं. वेळ सकाळी सहा चाळीस, म्हणजे मी जगात आल्यावर पाऊण तासाने. त्या तारखेला एकच वाक्य होतं. ते कुणी म्हटलं होतं, काय म्हटलं होतं, देव जाणे. तोपर्यंत हे तुझं काम होतं, आत्या. त्यानंतर ते माझंही झालं, हे कबूल करते.

आमच्या ऑफिसात संगणकांची देखभाल करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे मागून मूळबाई म्हणतात, कारण कुणीही काहीही रडत आलं की त्या एकच प्रश्न विचारतात, "मूळ फाइल कुठे आहे?" बोलताना त्या संत्रं सोलत असतात आणि साल एका लांब पट्टीत निघाली तरच पुढचं वाक्य बोलतात. त्यांनी मला जे समजावलं ते मला पहिल्या दोन संत्र्यांत कळलं नाही. तिसऱ्या संत्र्याला मी ते मनातल्या मनात तुझ्या एक्सचेंजच्या भाषेत घातलं आणि लगेच कळलं. फाइलीत अक्षरं नसतातच. नुसते नंबर असतात. दोनशे चौदा नंबर फिरवला तर कुणाच्या घरी घंटा वाजेल, ते हातात कुठल्या गावाची डिरेक्टरी आहे त्यावर ठरतं. एका गावात दोनशे चौदा म्हणजे डॉक्टर, दुसऱ्या गावात पिठाची गिरणी. तू टाइप केलंस तेव्हाचा 'क' आता परदेशातल्या कुठल्याशा टोपीवाल्या 'ए'च्या घरी वाजतो आहे. आकडे आणि पूर्णविराम सगळ्या गावांनी पहिल्यापासून त्याच नंबरांवर ठेवले, म्हणून तेवढे वाचता आले. आणि गंमत पुढेच आहे. कुठली डिरेक्टरी वापरली, हे साध्या फाइलीवर कुठेही लिहिलेलं नसतं. ज्याने लिहिलं त्याला ते माहीत होतं, त्यामुळे सांगायची गरज वाटली नाही. (आपल्या घराण्यातही सगळे महत्त्वाचे निर्णय असेच घेतले गेले आहेत.) हल्ली जगातल्या एकूण एक अक्षराला स्वतःचा वेगळा नंबर देणारी एकच मोठी डिरेक्टरी आहे, युनिकोड, आणि नवं यंत्र धरूनच चालतं की सगळे तीच वापरतात. तुझी फाइल त्या आधीची. बिचारी जुन्या गावाचे नंबर घेऊन नव्या शहरात उभी.

एवढं कळल्यावर शहाण्या बाईने थांबायला हवं होतं. मला वाटलं, आता मला येतं.

आमच्या ऑफिसातलं यंत्र लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतं. त्याला बोटाने दाखवूनही काम होतं, पण मूळबाईंच्या मते खरं काम लिहून सांगितल्यावरच होतं. मी त्याला लिहून विचारलं, बाबा रे, ही फाइल कुठल्या डिरेक्टरीतली? त्याने क्षणात एका पाश्चात्त्य डिरेक्टरीचं नाव सांगितलं. तो त्याचा निव्वळ अंदाज होता हे मला नंतर कळलं. पण त्याने तो अंदाजाच्या सुरात सांगितला नाही, त्यामुळे मला आपल्या घरच्या पुरुषांची सवय असूनही मी फसले. मी आज्ञा दिली, या पाश्चात्त्य डिरेक्टरीतून युनिकोडमध्ये आण. त्याने आणलं. म्हणजे आधी जो गोंधळ होता, तोच गोंधळ आता अधिकृत झाला. टोपीवाल्या ए-ला कायमचा पत्ता मिळाला. मला वाटलं एकदा धुऊन डाग गेला नाही, पुन्हा धुवावा. पुन्हा तीच आज्ञा. फाइल फुगली. तिसऱ्यांदा केलं, आणखी फुगली, एकेका चिन्हाची चार-चार चिन्हं होऊन बसली, जणू एका पाहुण्याने भाऊबंद बोलावून घेतले. मग घाबरून मी अशी आज्ञा दिली की जे समजत नाही ते गाळून टाक. त्याला तर काहीच समजत नव्हतं. त्याने तारखा ठेवल्या आणि तुझ्या एकतीस वर्षांचं बोलणं गाळलं.

हरकत नाही म्हटलं, माझ्याकडे सीडीवरून उतरवलेली चांगली प्रत आहे. (सीडी स्वतः त्या दिवशी घरी होती. घरी कुठे, ते विचारू नकोस.) आता मी नीटनेटकेपणाने वागायचं ठरवलं, म्हणजे उगीच दहा नावांच्या दहा फाइली नकोत. म्हणून या खेपेस सांगितलं की ही फाइल वाच आणि बदललेला मजकूर याच नावाच्या फाइलीत ओत. यात चूक काय, मला अजूनही मनातून पटलेलं नाही. पण हे यंत्र आधी ओतायचं भांडं घासूनपुसून कोरडं करतं आणि मग वाचायला जातं. वाचायचं होतं ते त्याच भांड्यात होतं.

फाइलीचं वजन शून्य झालं.

आणि आत्या, यंत्र एक शब्द बोललं नाही. त्याची ती रीतच आहे. काम नीट झालं तर ते गप्प बसतं, पडद्यावर खाली नुसता एक लहानसा चौकोन लुकलुकतो. सत्यानाश आज्ञेप्रमाणे झाला असेल तरीही ते गप्पच बसतं, कारण आज्ञा पाळली गेली ना? मी तो चौकोन बघत बसले आणि मला एकदम आपले बाबा आठवले. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक बघून ते असेच गप्प राहायचे आणि चष्मा पुसायचे, आणि मला आठवडाभर कळायचं नाही की पहिली आल्याबद्दल आहे की गणितात गटांगळी खाल्ल्याबद्दल. मूळबाईंनी माझं तोंड बघितलं आणि प्रश्न विचारला नाही, ही त्यांची दया. त्यांनी संत्रं खाली ठेवलं आणि सांगितलं की मी पहिल्या दिवशी "मला येतं" म्हणाले तेव्हाच त्यांनी माझ्या फाइलीची एक प्रत स्वतःच्या कपाटात, म्हणजे यंत्रातल्या कपाटात, ठेवली होती. "असं म्हणणाऱ्यांची मी ठेवतेच," म्हणाल्या.

नंबर शाबूत राहिले, पण डिरेक्टरी? तूच एकदा म्हणाली होतीस त्याप्रमाणे, तुझ्या त्या ऑफिसातल्या संगणकाची मराठी अक्षरं एका हौशी गृहस्थांनी एका खोलीच्या दुकानात स्वतःच्या मर्जीने बनवलेली होती, कुठल्याच मोठ्या गावाच्या डिरेक्टरीत ती नाहीत. त्यांचं दुकान शोधत मी एक्सचेंजच्या मागच्या गल्लीत जाऊन आले. (होय, त्या दिवशी मी तुझ्या घरापासून दोन वळणांवर होते आणि तोंड चुकवून परत गेले. त्याबद्दलचा राग वेगळ्या कागदावर टिपून ठेव.) ते गृहस्थ केव्हाच गेले. त्या जागी आता किल्ल्या बनवणारा बसतो. तो भला माणूस, म्हणाला, कुलूप आणा, किल्ली करून देतो. मी तोवर घरात सापडलेली सीडी दाखवली. त्याने ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि परत दिली. "दाते दिसत नाहीत ताई," म्हणाला. त्या दिवशी माझ्या व्यथेचं इतकं अचूक निदान दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

आणि मग, आत्या, तुझ्याच सवयीने मला वाचवलं. आपल्याकडे कागद फेकत नाहीत. तू मला काचेची उंच बरणी दिली होतीस, आठवते? ती तू ज्या कागदात गुंडाळली होतीस तो मी सपाट करून खणात अंथरला होता. त्यावर काहीतरी छापलेलं आहे हे मला माहीत होतं, पण खणातला कागद कोण वाचतं? किल्लीवाल्याकडून परत आल्यावर मी हताश होऊन खणातली कात्री काढली आणि कागदावर मराठीत वाचलं: "तुम्ही एक मिनिट म्हणालात तेव्हा माझे केस काळे होते." त्याखाली: "माझा आवाज पोचत नसेल तर निदान राग तरी पोचवा." आणि त्याखाली माझं सगळ्यात लाडकं: "बाई, तुम्ही मधून ऐकताय हे मला माहीत आहे. मग तुम्हीच सांगा, चूक कुणाची?" तू टाइप केल्यावर छापून घेतलेल्या प्रतीचं एक पान. तारखांसकट.

तारीख कागदावर आहे, तीच तारीख फाइलीत आहे. म्हणजे हे अक्षर आणि तो नंबर समोरासमोर उभे. चार दिवस जेवणाच्या सुटीत मी आणि मूळबाई बसलो. मी कागदावरचं अक्षर सांगायची, त्या फाइलीतला नंबर सांगायच्या, मी जोडून लिहायची. तुझ्या त्या हौशी गृहस्थांनी अक्षरांचे सुटे भाग केले होते, अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधीच येऊन उभी, जेवणाच्या वेळेआधी येणाऱ्या पाहुण्यासारखी. तिला हाताला धरून मागे नेऊन बसवावं लागतं. तिसऱ्या दिवशी मी "ळ" म्हणाले, त्या "एकशे अठ्ठ्याण्णव" म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा तुझी नोकरी कळली. इकडे एक माणूस, तिकडे एक माणूस, मधे आपण, हातात एक वायर. जोडून दिलं की आपण नाहीसं व्हायचं. एकतीस वर्षं तू हे केलंस आणि आम्ही तुला विचारलं काय, तर फुकट फोन करता यायचे का.

एका पानातून एकशे चार खुणा सुटल्या. एकूण एकशे सत्तर आहेत. तेवढ्यावर फाइल चालवली, तर सगळीकडे भोकं, पण माणसं ऐकू यायला लागली. मी अर्थात आधी माझ्या तारखेवर गेले. दोन-तीन भोकं अंदाजाने बुजवली आणि वाक्य उभं राहिलं. म्हणजे वाक्यं. "ताई, लाइन लागत नसेल तर राहू दे. तू ऐकलंस ना, मग पुरे. मुलगी झाली. ओरडते छान. नाक मात्र थेट ❀ वर गेलंय."

पाच वाक्यं, आत्या. सलग. मी बाबांना आयुष्यात सलग पाच वाक्यं बोलताना ऐकलेलं नाही, आणि ती त्यांनी माझ्याबद्दल बोलून, लाइन न लागताच फोन खाली ठेवून दिला. बोर्डावर तू होतीस म्हणून ती राहिली. मूळबाईंनी त्या दिवशी अख्खं संत्रं मला दिलं.

या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पुस्तकाचं काम होईल. छापखानेवाले वीस तारखेपर्यंत जागा राखून ठेवायला तयार आहेत, नंतर ते शाळेची पुस्तकं घेतात. माझ्या हिशेबाने पंचवीसला पुस्तक तुझ्या या डोळ्यासमोर असेल. मूळबाईंना आणि तुझ्या शेजारणीला माझा नमस्कार, म्हणजे मूळबाईंना मी इथेच सांगते.

तुझी भाची,
दोनमिनिटं

ता. क. ती चौकड्यांच्या कागदाची गुंडाळी ही लाच आहे. तुझ्या फळ्यांवरचे जुने कागद म्हणजे तुझ्या छापील प्रतीची उरलेली पानं आहेत, "आता संगणकात आहे, कागद कशाला" म्हणून तू अंथरलेली, असा माझा पक्का संशय आहे. राहिलेल्या सहासष्ट खुणा त्यांच्यावर आहेत. आत्ताच्या आत्ता हातातलं फडकं खाली ठेव. एकही कागद रद्दीत देऊ नकोस, दिला असलास तर बाबांना रद्दीवाल्याकडे पिटाळ. तेलाचे डाग चालतील, डब्यांचे गोल चालतील. ओढून काढू नकोस, सुरीने कडेने सोडव. नाही मिळाले तर पुस्तकात दर तिसऱ्या शब्दात भोक असेल, आणि तू म्हणशील की लाइन खराब होती.

आणखी एक. वर मी लिहिलं आहे की फाइल रिकामी झाली. ती दोनदा झाली. दुसऱ्यांदा मी मूळबाईंना पहिल्यांदा कशी झाली ते करून दाखवत होते.

शेवटचं. तू नावं गाळलीस आणि प्रत्येक नावाच्या जागी तेच एक छापील फूल टाकलंस. सगळ्यांना एकच. त्या फुलामागे कोण आहे, हे जगातल्या कुठल्याच डिरेक्टरीत नाही, तुझ्या फळीवरही नाही, मी खणातला कागद भिंग लावून पाहिला आहे. माझं नाक कुणावर गेलंय, आत्या? चव्वेचाळीस वर्षं मी ते आरशात बघते आहे. तुझा धर्म मला ठाऊक आहे, म्हणून तुला विचारत नव्हते, आत्ता पाकीट बंद करता करता बाबांनाच विचारलं. ते दारात उभे आहेत, एका हातात गुंडाळी, बसची वेळ झालेली. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्या यंत्राच्या रीतीप्रमाणे याचा अर्थ काम झालं आहे, फक्त कुठल्या फाइलीत ओतलं गेलं ते इथून दिसत नाही. तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्यासमोर बसलेले असतील. जरा त्यांना उघडून बघशील?